गुडघ्यावर बसवून डायव्हिंग शिकवणं बंद झालं पाहिजे

शिवाजीपेठकर
मागच्या जानेवारीत आम्ही पाचजण कोल्हापुरातनं खाली समुद्रावर जाऊन ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स, करून आलो. कार्ड पाचीजणांना मिळालं, अठरा मीटरपर्यंत जायची मुभा मिळाली. पण आमच्यातल्या तिघांना अजून पाण्यात एका जागी थांबता येत नाही. दोष त्यांचा नाही, शिकवण्याच्या पद्धतीचा आहे.

मास्कमधलं पाणी नाकानं फुंकून काढणं असो, तोंडातनं सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं यंत्र, परत शोधणं असो, आमच्याकडनं सगळं तळाला गुडघे टेकून करून घेतलं. कमरेला दहा किलो शिसं, म्हणजे माणूस जागचा हलायलाच नको. चौथ्या डाइव्हला मित्राच्या मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळ अजून आठ मीटर खाली होता. गुडघे टेकणार कशावर? त्यानं दोन्ही हातांनी मास्क धरला, सायकल मारल्यासारखे पाय मारले आणि सुटला वर. मी त्याच्या पायातला फिन धरून ओढला म्हणून थांबला.

आपल्याकडं तालमीत वस्ताद पोराला आल्या आल्या डाव शिकवत नाही. आखाडा उकरायला लावतो, बैठका मारून घेतो, अंग तयार करतो. डायव्हिंगमधली बैठक म्हणजे तरंगणं. हात न हलवता, आडवं, ना वर ना खाली. ते आधी जमू दे आणि मग मास्क काढणं, रेग्युलेटर शोधणं सगळं तरंगतच करून घ्या.

जादा शिशाचा फटका हवेलाही बसतो. शिसं जास्त म्हणून तरंगायला अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटात हवा जास्त भरायची. ती हवा प्रत्येक मीटरला फुगते नाहीतर आकसते, की माणूस लिफ्टसारखा वरखाली. अकरा लिटरच्या सिलिंडरात २०० बार दाबाला २,२०० लिटर हवा. पन्नास बार राखून ठेवले की हाताशी १,६५० उरली. वर मिनिटाला वीस लिटर ओढणारा माणूस अठरा मीटरवर दाब वाढल्यामुळं छप्पन लिटर ओढतो, त्याला ती अर्धा तास पुरते. धडपडणारा पस्तीसच्या हिशेबानं ओढतो, त्याची सतराव्या मिनिटाला संपते.

दर्यावर्दी
मी मालवणात नऊ वर्षं लोकांना पाण्याखाली नेतोय. दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण औषध चुकतंय.

आमच्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरं असतं. तेव्हाही एखाद्या दिवशी चार मीटरपलीकडचं दिसत नाही. अशा पाण्यात चार नवखी माणसं तरंगत ठेवायची म्हणजे एक उजवीकडं, एक डोक्यावर, एक धुक्यात गायब. वाळूवर रांगेत बसवली की चौघांचे डोळे मला दिसतात. भीती आधी डोळ्यांत येते, हातापायांत नंतर.

शिशाबद्दल म्हणाल, तर हलका विद्यार्थी मला जड विद्यार्थ्यापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. जड असला तर तळाला बसेल, मी पोचेन. हलका घाबरून श्वास कोंडून वर सुटला तर? दहा मीटरवर दाब दोन वातावरणांचा असतो, पृष्ठभागावर एकाचा. छातीतली हवा त्या शेवटच्या दहा मीटरांत दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस तेवढं ताणत नाही.

पर्यटकांना वीस मिनिटं हात धरून फिरवतात ते शिक्षण नव्हे, तो अनुभव. त्याला तुमचा नियम लावू नका.

शिवाजीपेठकर
अनुभवाबद्दल मी बोलतच नाही. बोलतोय कार्डाबद्दल. कार्ड हातात आलं की माणूस दुसऱ्याचा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, होतो. उद्या माझी हवा संपली तर मी त्याच्याकडं जाणार. डोळे दिसायचा तुमचा मुद्दा मानतो, पण चौघं सांभाळता येत नसतील तर दोघं घ्या. आणि तरंगणं समुद्रात कशाला शिकवायचं? ते पोहण्याच्या स्वच्छ टाकीत, तीन-चार दिवस शिकवा. दोन रात्रींच्या सहलीत कोर्स बसवायचा म्हणून टाकीला एक दुपार मिळते, खरी गोम तिथं आहे.

राजारामपुरी सातवी गल्ली
सामानाचंही बोलू. मी जॅकेट सोडून पाठीला धातूची प्लेट आणि मागं फुगा असलेली विंग घेतली. फुगा पाठीवर, त्यामुळं अंग आपोआप आडवं राहतं. शिवाय रेग्युलेटरला दोन मीटरचा लांब होज, म्हणजे हवेची नळी. ही रीत फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांतनं आली. अरुंद वाटेनं दोघांना एकामागं एक बाहेर पडायचं, म्हणून लांब नळी. १९९८ साली सुरू झालेल्या जीयूई या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेनं ती साध्या डायव्हरपर्यंत आणली. हवा मागणाऱ्याला तोंडातला चालू रेग्युलेटर द्यायचा, कारण घाबरलेला माणूस झडप घालणार ती तिथंच. आपला दुसरा हनुवटीखाली रबरात अडकवलेला असतो. प्रत्येकानं हेच वापरावं असं माझं ठाम मत आहे.

दर्यावर्दी
गुहेतलं शहाणपण गुहेत. आमच्या बोटीवर बाराजण असतात, अकरांकडं भाड्याचं जॅकेट आणि उजव्या बगलेत पिवळा ऑक्टोपस, म्हणजे दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर. हवा संपलेला माणूस पिवळं शोधणार, कारण त्याला तेच शिकवलंय. तुमची रीत चांगली असेल, पण बोटीवर ती एकट्याला माहीत असून काय उपयोग? निघण्याआधी दोन मिनिटं बडीला दाखवा, त्याच्याकडनं एकदा करून घ्या. गेल्या मोसमात असंच सामान घेऊन आलेल्या तिघांतल्या एकानंही ते केलं नव्हतं.

राजारामपुरी सातवी गल्ली
हे मात्र खरं. मीही दोनदा न सांगता उतरलोय. यापुढं नाही.

विहीरवाली
चाळीशीत शिकले. पोहायला मात्र लहानपणी गावच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. गुडघा की तरंगणं यापेक्षा मला आपल्या पोरांच्या वृत्तीची काळजी वाटते. विहिरीत मुटका मारून तळाची माती मुठीत आणली की पोरगा शूर. दम किती धरतोस यावर सगळी इज्जत. हीच सवय स्कूबात जिवावर येते. विहिरीत छाती वर भरलेली असते, खाली आकसते आणि वर येताना जेमतेम मूळ मापाला येते. सिलिंडरची हवा आपण खालच्या दाबानं भरून घेतो, ती कोंडून वर आलं की दर्यावर्दी दादांनी सांगितलं ते होतं. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्याला आधी हे सांगा: दम धरायचा नाही, एकदासुद्धा नाही.

दुसरं. डिसेंबरात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला मी बोटीवर बसून सांगितलं, आज माझं मन होत नाही, मी उतरत नाही. नियम असा की कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह सोडू शकतो. त्यावर ग्रुपमधले दोघे संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. अशा माणसांबरोबर खाली मला अडचण आली, तर ती सांगायलाही मी कचरेन. माझ्या लेखी हा दोष चुकीच्या सामानाहून मोठा.

शिवाजीपेठकर
ताई, त्या दोघांतला एक मी. माफ करा. पैसे भरलेत, एवढ्या लांब आलोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गगनबावडा रोड
एक गोष्ट कुणीच काढली नाही. रविवारी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी सुरमई, आणि चार वाजता गाडी फोंडा घाटाला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. डायव्हिंगच्या पुस्तकात तीनशे मीटरच्या वर गेलं की उंची धरतात. अंगात मुरलेला नायट्रोजन अजून बाहेर पडतोय आणि आपण हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी करतोय, म्हणजे त्याचे अंगात बुडबुडे व्हायची भीती. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास आणि एकाहून जास्त झाल्या तर १८ तास थांबायला सांगतात. घाटाचा विचार कोण करतं?

राजारामपुरी सातवी गल्ली
आठ-दहा मीटरच्या डाइव्हला एवढं कशाला? इतकी वर्षं जातोय, कुणाला काही झालं नाही.

गगनबावडा रोड
भावा, दहा मीटरच्या दोन डाइव्हनंतर धोका कमी, हे मान्य. पण नेत्राणीला पंचवीस मीटर करून आलेलेही त्याच संध्याकाळी घाट चढतात. सांधे दुखले तर गाडीत अवघडलो म्हणतात, हातापायाला मुंग्या आल्या तर झोप झाली नाही म्हणतात. पुन्हा खाली उतरून दवाखाना गाठायचा हे कुणाच्या डोक्यात येत नाही. कुणाला काही झालं नाही, की झालेलं कुणी ओळखलं नाही? डाइव्ह शनिवारी उरका आणि रविवारी किल्ला बघा. एवढी साधी अदलाबदल आहे.

दर्यावर्दी
हे मी आमच्या बोटीवर सांगायला सुरुवात करतो. आम्ही किनाऱ्यावर राहणारे, घाट आमच्या ध्यानातच येत नाही.

गुडघ्यांचं मी अजून मानत नाही. पहिल्या दिवशी बसवणारच. पण शिशाचं शिवाजीपेठकरांचं बरोबर आहे. अंदाजानं दहा किलो बांधणं हा आमचा आळस. वजन असं तपासा: जॅकेट पूर्ण रिकामं, श्वास नेहमीसारखा भरलेला, न हलता उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला पाहिजे. सिलिंडर भरलेलं असताना तपासलं तर वर दोन किलो वाढवा, कारण ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामं होत आलं की तरंगायला लागतं. परवा माझ्याच चार विद्यार्थ्यांची तपासणी केली. तिघांचं तीन-तीन किलो उतरलं.