टर्कीवर ४० यार्डांपुढे बार टाकावा का?

ओझार्कची वाट
एप्रिल तोंडावर आलाय. इथे अमेरिकेतल्या मिझुरीत वसंतातला टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी दोन शनिवार मी बंदूक घेऊन रेंजवर जातो. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टर्कीच्या अंगावर नेम धरत नाहीत, डोक्यावर आणि मानेवर धरतात. बारा बोअरच्या काडतुसातले शेकडो छर्रे नळीबाहेर पडले की पसरत जातात. नळीच्या तोंडाशी बसवलेला चोक जितका आवळ, तितका पसारा कमी. पण कुठल्या बंदुकीला कुठला चोक आणि कुठलं काडतूस मानवेल ते डब्यावर छापलेलं नसतं. म्हणून ४० यार्डांवर मोठा कागद लावायचा, वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून बार काढायचा, दाट भोकांभोवती १० इंची वर्तुळ काढायचं आणि मोजायचं. वर्तुळात १०० भोकं हवीत, असा शिकाऱ्यांत चालत आलेला हिशेब आहे.

आता माझं म्हणणं. टंगस्टनची काडतुसं, म्हणजे टीएसएस, आल्यापासून लोक ५५-६० यार्डांवर बार टाकू लागलेत. गेल्या वर्षी मीही टाकला. नर आला, पिसारा फुलवून उभा राहिला, मला तो पंचेचाळीसवर वाटला. बार लागला, तो कोलमडला, उठला आणि ओहोळात उतरला. दोन तास शोधलं. चार पिसं आणि एका पानावर रक्ताचा थेंब, एवढंच हाती आलं. नंतर अंतर मोजलं तर ५८ भरलं. १९३० च्या दशकात सगळ्या अमेरिकेत रानटर्की फार थोडे उरले होते. ते जाळ्यात धरून, नव्या रानांत सोडून पुन्हा वाढवले, तेव्हा कुठे १९६० मध्ये मिझुरीत शिकार परत सुरू झाली. मधल्या काळात इथली संख्या पुन्हा घटली. एक पक्षी जखमी होऊन रानात मरणं मला परवडत नाही. कागद काहीही म्हणो, कुंपण ४० चं.

ह्यूस्टनचा सातारकर
सपशेल असहमत. तुम्ही म्हणता कागदावर मोजा, आणि कागदाने ५५ म्हटलं की ऐकत नाही! ४० चा आकडा शिशाच्या काळातला आहे. शिशाची घनता ११ च्या आसपास, टीएसएसची १८. त्यामुळे ९ नंबरचा बारीक टंगस्टन छर्रा (नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक) शिशाच्या ५ नंबरइतका आत घुसतो, आणि एका औंसात शिशाचे १७० मावतात तिथे हे साडेतीनशेच्या वर. माझ्या कागदावर ५५ यार्डांवर १२६ भोकं आहेत. ह्याच काडतुसांमुळे माझी बायको हलकी, बारीक नळीची २० बोअर घेऊन रानात येते. बारा बोअरच्या धक्क्याने तिचा खांदा दोन दिवस दुखायचा. तुमचा पक्षी गेला तो अंतर न मोजल्यामुळे. त्याचा दोष काडतुसाला देऊ नका.

ओझार्कची वाट
अंतराची चूक माझीच, मान्य. पण पहाटेच्या अंधुक उजेडात, झाडाला पाठ लावून, हालचाल न करता बसलेलं असताना प्रत्येक वेळी अंतर मोजणारा रेंजफाइंडर डोळ्याला लावता येतो का? ४० चं कुंपण ठेवलं तर दहा यार्डांची चूक पोटात घेता येते. ६० वर तीच चूक पक्ष्याला भोवते.

आकडेमोड
दोघांच्याही मोजणीबद्दल बोलायचंय. एक, वर्तुळ दाट भोकांभोवती काढू नका. ज्या ठिपक्यावर नेम धरला त्याच्याभोवती काढा. माझी बंदूक ४० यार्डांवर चार इंच डावीकडे मारत होती. दाट जागी वर्तुळ काढलं तेव्हा १४० आले, ठिपक्याभोवती मोजले तर ७०. टर्की त्या ठिपक्यावर उभा असतो! रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) बसवून ते दुरुस्त केलं.

दोन, एका बारावरून काही कळत नाही. सरासरी १०० असेल तर निव्वळ योगायोगानेच दहा इकडे, दहा तिकडे होतात. १२६ हा तुमचा सर्वांत चांगला कागद आहे की पहिलाच?

तीन, बेरजेपेक्षा मोकळ्या जागा बघा. मी टर्कीच्या डोक्या-मानेचा पुठ्ठा कापून कागदावर सरकवत नेतो. १०० भोकांच्या वर्तुळातही मेंदू आणि मणके एवढीच जागा झाकणारं, एकही भोक नसलेलं खिंडार सापडतं. आणि जवळचा कागद कुणीच काढत नाही. आवळ चोकने १५ यार्डांवर सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेत पडतात. मान जराशी हलली की बार वाया.

जुनी बंदूक
मी पेनसिल्व्हेनियात तीस वर्षं टर्की मारतोय. साधा फुल (आवळ) चोक, शिशाचं ५ नंबर, पंचवीस पावलं. कागदावर आयुष्यात एकदा बार काढला, बंदूक सरळ मारते एवढं पाहिलं, पुरे झालं. एका टीएसएस काडतुसाला दहा डॉलर आणि वर कागदावर पाच-सात उडवायचे? त्यापेक्षा हंगामाआधी दोन महिने तोंडात कॉल (पक्ष्याचा आवाज काढायचं साधन) धरून मादीची साद शिका. पक्षी जवळ बोलावणं हीच शिकार. तो अंगणात आल्यासारखा आला की हे सगळे वाद संपतात.

आकडेमोड
काका, बोलावण्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण नेमाची तपासणी दहा डॉलरच्या काडतुसाने करायची गरजच नाही. आधी २० यार्डांवर स्वस्तातली हलकी काडतुसं वापरून नेम जुळवायचा आणि मग महागडी फक्त शेवटी. तीस वर्षांत चोक बदलला नसेल, तरी काडतुसं बदलली असतीलच ना?

जुनी बंदूक
बदलली. तेवढं कबूल.

कोयनाकाठ
मी शिकार केलेली नाही, इथे १९७२ च्या कायद्याने ती बंदच आहे. आजोबांकडे पिकाच्या राखणीची परवान्याची बारा बोअर होती, तिच्यावरून विचारतो. ते रानडुकराला मोठे छर्रे वापरायचे. लांब मारायचंय तर छर्रा मोठा का घेत नाही?

ओझार्कची वाट
कारण मोठे छर्रे थोडेच मावतात. शिशाच्या ४ नंबरचे औंसात १३५, ६ नंबरचे २२५. डुकराला मोठं अंग असतं, टर्कीची मान मनगटाएवढी. छर्रे कमी झाले की खिंडारं वाढतात आणि पक्षी त्यातून निसटतो, नाहीतर एखादाच छर्रा लागून रानात जाऊन मरतो.

ह्यूस्टनचा सातारकर
आकडेमोड, तुमचा प्रश्न मला बोचला. १२६ हा माझा दुसरा कागद होता, पहिला मी टाकून दिला होता. म्हणून काल परत गेलो. त्याच चोकने, तीच काडतुसं, ५५ यार्ड, पाच बार, ठिपक्याभोवती वर्तुळ: ११९, ८८, १०४, १३१, ७९. पुठ्ठा सरकवला तर ७९ च्या कागदात एक खिंडार अख्खी मान गिळतंय. ४५ वर तीन बार काढले. तिन्ही १७० च्या पुढे, खिंडार नाही. माझी रेघ मी ५५ वरून ४५ वर आणतोय, आणि बसण्याच्या झाडापासून ४५ पावलांवर आदल्या दिवशी फांदी रोवून खूण करणार आहे. ४० मात्र मला मान्य नाही. बायकोच्या २० बोअरचे कागद अजून काढायचेत, तिची रेघ वेगळी येईल.

ओझार्कची वाट
४५ आणि रोवलेली फांदी, ह्याला माझी हरकत नाही. माझी फांदी ४० वरच राहील. तुमचे पाचही कागद जपून ठेवा, ७९ वालासुद्धा. आणि २० बोअरचे आकडे इथेच टाका, माझ्या मुलीला ह्या वर्षी पहिल्यांदा सोबत नेतोय.