'फायटोसॉर'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: मंडळी, मुलांच्या मासिकासाठी ट्रायासिक काळातल्या (साधारण 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वीच्या) सरपटणाऱ्या प्राण्यांवर लिहितेय. 'फायटोसॉर'पाशी अडले. शब्दशः 'वनस्पतिसरट' होतं, पण चित्रात तर लांब जबड्याचं, दातेरी धूड दिसतंय. सरळ 'ट्रायासिक सुसर' लिहू का?

अडगळ: 'वनस्पतिसरट' नकोच, कारण मूळ नावच चुकीतून आलंय. 1828 साली जर्मनीत येगर या जीवाश्म-अभ्यासकाला जो जबडा मिळाला, त्यात दातांच्या जागी गाळ भरून त्याचा दगड झाला होता. त्या बोथट खुंट्यांनाच तो दात समजला आणि प्राणी पालाखाऊ ठरला. पुढे चूक कळली, तरी नाव तसंच राहिलं. मात्र 'सरट' छान आहे. आपला सरडा त्यातूनच आलाय.

नदीकाठ: सुसर म्हणायचा मोह मलाही झाला होता. पण ताई, चित्रातलं नाक बघा. सुसरीच्या नाकपुड्या तोंडाच्या पार टोकाला. नराच्या तिथे मडक्यासारखा फुगवटा येतो, म्हणून हिंदीत घड़ियाल. फायटोसॉरच्या नाकपुड्या मागे, डोळ्यांच्या जवळ. बाकी जबडा इतका सारखा की फसायलाच होतं.

गोदावरी-प्राणहिता खोऱ्यातल्या मालेरीच्या फायटोसॉरचं नाव 'पॅरासुकस हिस्लॉपी', म्हणजे मगरीजवळचा. हिस्लॉप म्हणजे नागपूरच्या कॉलेजाला ज्यांचं नाव आहे तेच. लायडेकर या जीवाश्म-अभ्यासकाने 1885 साली हे नाव दिलं.

अडगळ: आणि 'सुकस' ग्रीक, 'सुसर' संस्कृत 'शिशुमार'वरून. ऐकायला सारखे, नातं काही नाही. इथेही तोच प्रकार!

पाटीपेन्सिल: बरं, मग 'मगरींचे पूर्वज' लिहू?

नदीकाठ: पूर्वज नाही, भाऊबंद म्हणा. तेही जरा बिचकत. सगळा वाद घोट्यावर आहे. मगरीच्या घोट्यात दोन मुख्य हाडं. एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि पाय त्या दोघांच्या मधून वळतो. पक्ष्यांत ही दोन्ही हाडं नडगीला चिकटून जातात आणि सांधा त्यांच्या खाली येतो. कोंबडीची तंगडी खाताना खालचं जे बोंड हाताला लागतं ना, ते तेच.

फायटोसॉरचा घोटा मगरीसारखा, म्हणून त्यांना मगरींच्या शाखेत बसवलं होतं. 2011 साली नेसबिट या संशोधकाने त्यांना मगरी-पक्ष्यांच्या सामाईक कुळाच्या, म्हणजे आर्कोसॉरांच्या, उंबऱ्याबाहेर काढलं. नंतरच्या काही अभ्यासांनी परत आत घेतलं. मधल्या काळात टांझानियाचा टेलिओक्रेटर आला (2017). हा पक्ष्यांच्या बाजूचा, पण घोटा मगरीचा! म्हणजे तो घोटा सगळ्यांच्या आजोबांचा. त्यावरून मगरीशी सोयरीक जुळवण्यात अर्थ नाही.

अडगळ: मगरींच्या त्या शाखेचं नाव 'स्यूडोसुकिया', म्हणजे खोट्या मगरी. खऱ्या मगरीही त्यातच मोडतात. बारसं करणाऱ्यांनी कमाल केलीय.

पाटीपेन्सिल: मग 'फायटोसॉर'च ठेवते आणि पुढे एक ओळ जोडते: 'सुसरीसारखा दिसणारा, पण डोळ्यांजवळ नाकपुड्या असलेला.' तंगडी मात्र घेणारच, काका! फक्त 'नडगी' मुलांना कळेल ना? आमच्या घरी 'नळी'च म्हणतात, आणि तीही मटणाची.

नदीकाठ: नडगीच ठेवा. टेबलाला आपटते ती, असं सांगितलं की पोरांना बरोब्बर कळतं.