आखाती शेखांना ब्रिटिशांनी राखले की बांधून घातले?

दप्तर_वाचक (धागाकर्ता)
आखाताचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते: "तिथे ब्रिटिशांचे राज्य नव्हतेच, नुसते तह होते." मला ते साफ नामंजूर आहे. मार्च १८९२ चा करार घ्या. अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन आणि रास अल खैमा इथल्या शेखांनी त्यात तीन गोष्टी लिहून दिल्या. ब्रिटिश सरकारखेरीज कुठल्याही सत्तेशी करार किंवा पत्रव्यवहार करणार नाही. ब्रिटिशांच्या संमतीशिवाय परक्या सरकारचा वकील आपल्या मुलखात राहू देणार नाही. आणि ब्रिटिशांशिवाय कुणालाही जमीन देणार, विकणार किंवा गहाण टाकणार नाही. हे बंधन वारसांवरही होते. बदल्यात ब्रिटिशांनी काय लिहून दिले? संरक्षणाचे एक कलमसुद्धा नाही. परराष्ट्र व्यवहार हातात घ्यायचा आणि जबाबदारी कागदावर येऊ द्यायची नाही, याला मी हुकमतच म्हणतो, तीही फुकटात मिळवलेली. आणि १८७३ पर्यंत बुशहरचा रेसिडेंट, म्हणजे आखातातला ब्रिटिशांचा मुख्य प्रतिनिधी, मुंबई सरकारच्या हाताखाली होता, म्हणून हा आपल्याही इतिहासाचा भाग आहे.

गलबत
असहमत. तुम्ही १८९२ पासून सुरुवात केलीत म्हणून चित्र असे दिसते. १८३५ पासून पाहा. मोत्यांच्या शिंपल्यांचे समुद्रतळ सगळ्या बंदरांच्या सामाईक वापरातले. उन्हाळ्यात प्रत्येक बंदरातले धडधाकट पुरुष बोटींवर असायचे. त्याच दिवसांत शारजा आणि अबू धाबीची समुद्रावर जुंपली की हंगाम बुडाला, आणि हंगाम बुडाला की वर्षभराची उचल अंगावर राहिली. ब्रिटिश अधिकारी सॅम्युअल हेनेलने १८३५ मध्ये २१ मे ते २१ नोव्हेंबर एवढ्याच काळापुरती समुद्री तहकुबी, म्हणजे युद्धबंदी, घडवली. ती दरवर्षी नव्याने झाली, १८४३ मध्ये दहा वर्षांची झाली आणि ४ मे १८५३ ला कायमची. तोफेच्या धाकाने एखादी सही मिळते. पण जी तहकुबी शेख वर्षामागून वर्ष नवी करून घेतात, तिच्यात त्यांचाही फायदा होता हे मानायला लागते. बहरीनच्या शेखाला तर १८६१ च्या करारात समुद्रावरच्या हल्ल्याविरुद्ध मदतीचे स्पष्ट वचन मिळाले होते. तेव्हा "एक कलमसुद्धा नाही" हे सगळ्या आखाताला लागू होत नाही.

दप्तर_वाचक
बहरीनचा मुद्दा मान्य. पण १८३५ च्या आधी १८१९ येते. मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश सेनापती कीरच्या मोहिमेने डिसेंबरमध्ये रास अल खैमा घेतले, किनाऱ्यावरचे बुरूज पाडले, बोटी जाळल्या. जानेवारी १८२० चा तह त्यानंतरचा. आरमार जळाल्यावर झालेल्या कराराला राजीखुशीचा म्हणवत नाही.

त्या तहाचे पाचवे कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. प्रत्येक बोटीवर शेखाच्या सहीचे दोन कागद हवेत. एकात बोटीचे नाव, लांबी, रुंदी आणि माल किती मावतो ते. दुसऱ्यात मालकाचे नाव, नाखव्याचे नाव, माणसे किती, हत्यारे किती, कुठून निघाली, केव्हा निघाली, कुठे चालली. समुद्रावर ब्रिटिश जहाज भेटले की दोन्ही दाखवायचे. झेंडासुद्धा ठरवून दिला: तांबडा, भोवती पांढरी पट्टी, आणि पट्टीची रुंदी तांबड्याइतकीच.

ही निव्वळ कारकुनी नव्हे. शेख हा टोळ्यांमधला मान्यवर होता, त्यांचा मालक नव्हता. एखादी टोळी रागावली तर बोटी घेऊन दुसऱ्या बंदरात जायची. आता कागदावर सही त्याची, म्हणून गुन्ह्याचा भुर्दंडही त्याच्यावर. लूट झाली की तक्रार बासिदूच्या ब्रिटिश आरमारी तळावरच्या कमोडोरकडे किंवा बुशहरला जायची, चौकशी होऊन रक्कम ठरायची आणि ती शेखाने भरायची. नाही भरली तर खाडीच्या तोंडाशी जहाज उभे राहायचे. ही रक्कम तो टोळ्यांकडून काढणार, आणि टोळी निघून गेली तर तो दोन्हीकडून मेला. समुद्रावर भांडण बंद आणि जमिनीवर मोकळीक, हा भागही विसरू नका. वाळवंटात किती माणसे मारली गेली याच्याशी रेसिडेंटला कर्तव्य नव्हते.

मोतीबाजार
दोघेही रेसिडेंटबद्दल बोलताय. पण रेसिडेंट बुशहरला, म्हणजे पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर. शारजात रोजचा कारभार बघायचा तो स्थानिक वकील, 'नेटिव्ह एजंट'. हा बहुतेक वेळा व्यापारी असायचा. भाषा येते, घराणी ओळखतो, तपमान सोसतो आणि सरकारला जवळपास काही खर्च नाही. या व्यवस्थेचे यश यातच होते आणि तिचे दुखणेही यातच.

पगार तुटपुंजा, पण पदाची पत मोठी. त्या पतीवर तो स्वतःचा व्यापार करी. सिंधी आणि कच्छी सावकार ब्रिटिश हिंदी प्रजा म्हणून संरक्षणात होते, त्यांची येणी वसूल करून देणे त्याच्याच कामात बसे. सावकाराची बाजू मांडणारा माणूसच शेखाबद्दलचा अहवाल बुशहरला पाठवायचा. त्याने शेखाला हट्टी म्हटले की बुशहरच्या दप्तरात तो हट्टी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे पोचायला वेगळी वाट नव्हती. धागाकर्त्यांचा निष्कर्ष मला पटतो, पण तोफेपेक्षा मी बोट ठेवीन ते या एकमेव वाटेवर.

गलबत
ती वाट शेखही वापरत होते! वकिलाचे शेखांशी आणि व्यापाऱ्यांशी अनेक धाग्यांनी संबंध जुळलेले असायचे. नको असलेली मागणी लांबणीवर टाकायला, शेजाऱ्याविरुद्ध कान भरायला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा नव्हता. आणि मोठा फायदा उचलला तो मुहम्मद बिन थानीने. १८६७ मध्ये बहरीन आणि अबू धाबीच्या बोटींनी दोहा आणि वक्रा लुटले. रेसिडेंट लुइस पेलीने बहरीनला दंड केला आणि १२ सप्टेंबर १८६८ ला कतारच्या या प्रमुखाशी वेगळा करार केला. तोवर ब्रिटिशांच्या लेखी कतार बहरीनच्या पदराखालचे होते. कतार वेगळे होण्याची सुरुवात इथे होते. कुवेतच्या मुबारकने तर जानेवारी १८९९ चा गुप्त करार ऑटोमनांना अडवायला स्वतःच मागितला होता, वर १५,००० रुपये घेतले.

अनघा_इतिहास
कुणी बहरीनच्या कारभाराकडे आले नाही, म्हणून लिहिते. १९२३ मध्ये मेजर डेली पोलिटिकल एजंट (बहरीनमधला ब्रिटिश प्रतिनिधी) असताना वृद्ध शेख ईसा बिन अलींना बाजूला सारून त्यांचा मुलगा हमद यांच्या हाती कारभार दिला गेला. "फक्त तह होते" म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. पण त्याच हस्तक्षेपातून मोती काढायला बुड्या मारणाऱ्या पाणबुड्यांसाठी झालेली सुधारणा मला मोलाची वाटते.

पाणबुड्या हंगामाआधी नाखव्याकडून उचल घ्यायचा. मोती किती निघाले, काय भावाने गेले, आपल्या नावावर किती उरले, हे त्याला कळायचेच नाही. हिशेब नाखव्याच्या तोंडी. बाप मेला की कर्ज मुलाच्या किंवा भावाच्या डोक्यावर. सुधारणेने प्रत्येक पाणबुड्याची स्वतंत्र वही सक्तीची केली, उचलीवर मर्यादा घातली, वारसाकडून वसुली थांबवली. तरीही १९३२ मध्ये दंगल केली ती पाणबुड्यांनीच. जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदीने भाव कोसळलेले, उचलीची रक्कम घटलेली. उन्हाळ्यापर्यंतचा तांदूळ त्याच उचलीतून येत असे. पुढच्या वर्षीची वही चोख असल्याने या वर्षीची चूल पेटत नाही. सुधारणा न्याय्य होती, पण हंगामाबाहेरच्या महिन्यांची तजवीज न करता आणली.

गलबत
सहमत. आणि थेट राज्य कसे असते ते पाहायचे तर एडन आहे. जानेवारी १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने घेतले, १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात, १९३७ मध्ये वसाहत. तिथे गव्हर्नर, जकात, कोर्ट, सगळे ब्रिटिशांचे. दुबईला १९०९ मध्ये आले ते हिंदी पोस्ट ऑफिस. हा फरक पुसून दोन्हींना एकच शब्द लावू नये.

दप्तर_वाचक
फरक आहेच, पण तो खर्चाचा. एडनला कोळसा भरायचा होता म्हणून पैसे घातले. शारजात काही नको होते, तोवर काही दिले नाही. गरज लागली ती १९३२ मध्ये, इम्पीरियल एअरवेजच्या विमानांना उतरायला, आणि लगेच बोलणी सुरू झाली. तेलाबाबत तर १९२२ मध्येच शेखांकडून लिहून घेतले होते की ब्रिटिशांनी सुचवलेल्या माणसाशिवाय सवलत देणार नाही. दुबईत नव्या पद्धतीचे रुग्णालय उभे राहायला मात्र दुसरे महायुद्ध संपावे लागले. आणि ज्या रक्षणासाठी हे सगळे सोसले, त्याचे काय झाले? ३० नोव्हेंबर १९७१ ला इराणने रास अल खैमाची दोन्ही तुंब बेटे घेतली. ब्रिटिशांचे करार संपायला तेव्हा एक दिवस बाकी होता. ब्रिटनने हालचाल केली नाही.

गलबत
तुंबांचे समर्थन मी करणार नाही, ती फसवणूकच होती. पण त्याच इराणचा बहरीनवरचा दावा १९७० मध्ये सुटला. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने बहरीनमध्ये जाऊन लोकमत अजमावले, मे महिन्यात सुरक्षा परिषदेने अहवाल मान्य केला आणि शाहने दावा सोडला. त्यासाठी ब्रिटिश मुत्सद्द्यांनी पडद्यामागे बोलणी केली होती. बहरीन आज स्वतंत्र आहे, त्यात या बोलण्यांचा वाटा मोठा आहे.

मोतीबाजार
तुंबांवर जे राहत होते, त्यांना कुणी विचारायला गेले नाही.