विषय: दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी की रविवारी?

प्रेषक: कार्यकारिणीतली नवी सदस्य, लिंकन

काका, नमस्कार. शनिवारी हॉल मिळतोय, तर आपण रविवार का धरून बसलोय? म्हणे शनिवारी नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल टीमची घरची मॅच आहे. मी नेब्रास्कात आल्यापासून ही टीम जास्त करून हरतानाच पाहिली, तरी सगळं गाव लाल कपडे घालून निघतं. नेमकं काय आहे यात?

प्रेषक: काका, लिंकन

अगं, बरं झालं विचारलंस. १९६२ पासून इथला प्रत्येक घरचा सामना हाउसफुल आहे. शनिवारी अर्धं मंडळ स्टेडियममध्ये असेल आणि उरलेल्यांना गाडी लावायला जागा मिळणार नाही.

मी १९९४ साली शिकायला आलो. त्या वर्षी, पुढच्या वर्षी आणि मग १९९७ मध्ये नेब्रास्का राष्ट्रीय अजिंक्य. टॉम ऑसबोर्न २५ हंगाम प्रशिक्षक होते. २५५ विजय, आणि एकाही हंगामात नऊ विजयांच्या खाली नाही. पहिला टचडाउन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार गेला, की हजारो लाल फुगे आकाशात सुटायचे. माझ्या पुढच्या रांगेत एक शेतकरी आजोबा बसायचे. फुगा सोडताना ते टोपी काढायचे आणि तो दिसेनासा होईपर्यंत वर बघत राहायचे.

ऑसबोर्नचा खेळ ‘ऑप्शन’चा. क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, चेंडू घेऊन कडेनं पळतो आणि समोरचा कुणावर झेपावतो ते बघून ऐनवेळी ठरवतो, चेंडू ठेवायचा की शेजारच्याकडे टाकायचा. त्याला वाट करून द्यायला दणकट पोरं लागतात. टेक्सास-फ्लोरिडासारखी खेळाडूंची खाण आपल्याकडे नाही. पण खेड्यापाड्यातली पोरं शिष्यवृत्तीशिवाय, ‘वॉक-ऑन’ म्हणून यायची आणि वर्षानुवर्षं वजनं उचलून तयार व्हायची.

मग २००३. ऑसबोर्ननंतर आलेले फ्रँक सॉलिच इथलेच जुने खेळाडू. नऊ जिंकले, तीन हरले, आणि त्यांना काढलं. व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहॅन आणले, त्यांचा खेळ पासिंगचा, म्हणजे चेंडू पुढे फेकण्याचा. ऑप्शनसाठी घडवलेल्या पोरांना तो कसा जमावा? उभ्या पिकात नांगर घातला! २००४ मध्ये पाच विजय, सहा पराभव. सलग ३५ वर्षं बोल सामना, म्हणजे हंगामाअखेरचा मानाचा सामना, खेळणारी टीम त्या वर्षी घरी बसली. मला अजून त्याचा राग येतो.

प्रेषक: ओमाहाहून एक जुना सदस्य

काका, एक पटत नाही. घसरण सॉलिचच्याच काळात सुरू झाली. २००१ मध्ये कोलोराडोनं ६२-३६ धुतलं, २००२ मध्ये सात विजय, सात पराभव. शिवाय २०११ मध्ये बिग टेन या दुसऱ्या विद्यापीठ-गटात गेल्यावर टेक्सासमधलं येणं-जाणं तुटलं. आणि १९९७ चा क्वार्टरबॅक स्कॉट फ्रॉस्ट प्रशिक्षक झाला, तो तर घरचाच होता. १६ विजय, ३१ पराभव.

प्रेषक: काका, लिंकन

फ्रॉस्टचं मान्य. २०२१ मध्ये नऊ सामने हरलो, नऊच्या नऊ एक-आकडी गुणफरकानं. आयोवाविरुद्ध २१-६ पुढे असताना घालवला, तेव्हा घरी कुणी जेवलं नाही.

पण २००२ चं ऐका. ऑसबोर्नही पहिली पाच वर्षं ओळीनं ओक्लाहोमाकडून हरले होते. त्यांचं पहिलं अजिंक्यपद २२ व्या हंगामात आलं. तेवढा दम तेव्हा धरला होता ना? कॅलहॅननंतरचे प्रशिक्षक बो पेलिनी यांनी सात हंगामांत दर वेळी किमान नऊ सामने जिंकले, तरी २०१४ मध्ये त्यांनाही काढलं. पुढचे माइक रायली १९-१९ वर गेले. दर नव्या माणसाबरोबर खेळ नवा, पोरं नवी. मुळं धरणार कधी?

सॉलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले आणि तिथे तब्बल १६ हंगाम टिकले. २०२३ च्या वसंतातल्या सराव सामन्याला ते इथे परत आले, मैदानावर त्यांचा सन्मान झाला. मी टाळ्या वाजवत होतो आणि डोळे भरून आले होते. वीस वर्षं लागली त्याला.

हॉल रविवारचा घ्या. चकल्या आमच्याकडून.