टेबल आधी खाली घ्या

ऑपरेशन करून करून सर्जनची मान दुखते, त्यावरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की योगासनं आणि चांगला फिजिओ हाच उपाय. चूक नाही, पण ते घरी गेल्यावरचं. मी भूलतज्ज्ञ, रुग्णाच्या डोक्याशी बसून सर्जनच्या खांद्यांचे हाल रोज बघतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गॅस भरला की पोट वर येतं, त्यात लांब दांड्याची हत्यारं, म्हणजे मुठी आणखी वर. ऑपरेशनचं टेबल मात्र ओपन केसच्याच, म्हणजे पोट उघडून करायच्या शस्त्रक्रियेच्याच उंचीवर! मग खांदे कानाला, कोपरं बाहेर, आणि दोन तास तसंच. हत्याराची मूठ साधारण कोपराच्या पातळीला यायला हवी. जुनी टेबलं तेवढी उतरतच नाहीत, मग पायाखाली स्टूल येतं. त्यावर कॉटरीचं (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राचं) पेडल मावत नाही, हा वेगळा तमाशा.

दुर्बिणीतलं चित्र दाखवणारा मॉनिटर समोर आणि नजरेपेक्षा जरा खाली हवा. बहुतेक ठिकाणी तो ट्रॉलीच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो, कारण खाली दुर्बिणीला उजेड देणारा लाइट सोर्स आणि पोटात गॅस भरणारा इन्सफ्लेटर.

हत्यारांबद्दल कुणीच बोललं नाही. साडेसहा नंबरचे किंवा त्याहून लहान ग्लोव्ह घालणाऱ्यांना स्टेपलर (आतले अवयव पिनांनी शिवणारं हत्यार) एका हाताने दाबणं जड जातं. आपल्याकडच्या कितीतरी महिला सर्जन त्यातच मोडतात.

मधल्या विश्रांतीने वेळ वाया जातो, असंही कुणीतरी म्हणालं. अमेरिकेत 2017 मध्ये छापलेल्या अभ्यासात दर 20 ते 40 मिनिटांनी साधारण दीड मिनिट जागेवरच, निर्जंतुकपणा न मोडता, मान-खांदे ताणून पाहिले. दुखणं कमी झालं, शस्त्रक्रियेचा वेळ वाढला नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवायचं काम आम्ही भूलवाले आनंदाने करू.