थालीपीठाला साडेतीनशे महाग, मग पास्त्याला सहाशे कसे रास्त?

जिरेमिरे

परवा तर्रीबाज यांनी या मंचावरच्या एका धाग्यावर (चर्चेत) लिहिलं, "थालीपीठ, पिठलं, वरणभात हे घरी खायचे पदार्थ. त्याचे साडेतीनशे घेणारा लुटारू आणि देणारा बावळट." खाली लगेच +१ ची रांग. मी त्या बावळटांपैकी. उत्तर लिहायला बसले ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

पीठ किती रुपयांचं, कांदा किती रुपयांचा हा हिशेब मराठी पदार्थ समोर आला की मगच का सुरू होतो? पास्ता म्हणजे गव्हाचा रवा आणि टोमॅटो. त्याचे सहाशे देताना रव्याचा भाव काढणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. भाजणी कधी केली आहे का? ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे, सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र टाकलं तर धणे करपतात आणि डाळ कच्ची राहते. मग दळण. मग थालीपीठ थापून, भोकांत तेल सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर. तेवढ्या वेळात शेजारच्या बर्नरवरून पंजाबी भाज्यांच्या चार ऑर्डरी बाहेर पडतात, कारण ग्रेव्ही सकाळीच उकळून ठेवलेली असते.

खरं कारण वेगळं आहे. तंदुरी चिकन, बटर चिकन फाळणीनंतर दिल्लीच्या हॉटेलांतून देशभर गेलं. कुणाच्या आईने घरी तंदूर पेटवला नव्हता, त्यामुळे तो पदार्थ पहिल्यापासून बिलासकट आला. आपलं जेवण बाजारात आलं ते खानावळीतून. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे, आणि चाळीतल्या एका खोलीत त्यांच्यासाठी रांधणाऱ्या बायका किराण्यासाठी सावकाराचं कर्ज काढायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. ताट स्वस्त होतं, कारण त्यात बाईची मजुरी धरलेलीच नव्हती. घरी तर ती कुणीच धरत नाही. 'आई करते की' हा ज्यांच्या डोक्यातला दर आहे, त्यांना साडेतीनशे लूटच वाटणार.

आणि हो, गणपतीत उकडीच्या मोदकांची ऑर्डर देताना तांदळाच्या पिठाचा भाव कुणी काढत नाही. घरी कळ्या पाडणारं कुणी उरलं नाही, की बरोबर पाकीट उघडतं.

तर्रीबाज

ताई, माझ्या दोन वाक्यांवर तुम्ही प्रबंध लिहिला, आभारी आहे. पण जे मी म्हटलंच नाही त्याचं उत्तर देऊन राहिल्या तुम्ही. बाईच्या मेहनतीला पैसे नको असं मी कुठं म्हटलं? ते साडेतीनशे त्या बाईला भेटतात का, एवढंच विचारा. तिच्या हाती काय येते अन् आर्किटेक्टच्या हाती काय जाते?

आईबाबांना यवतमाळहून पुण्यात आणलं होतं, एका नावाजलेल्या 'अस्सल मराठी' हॉटेलात नेलं. भिंतीवर सूप, जातं, कंदील. झुणका आला तो कटिंग चहाच्या ग्लासात. बाबांना वाटलं चव पाहायला दिला. ते वेटरला म्हणाले, "छान आहे, आता आणा." तो म्हणे, "सर, हाच पोर्शन आहे." बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईने कुकर लावला.

आमच्या नागपुरात सावजीकडे जा. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून सुरू झालेलं खाणं. आजही कितीतरी ठिकाणी घरचीच माणसं रांधतात, घरचीच वाढतात. कंदील नाही, पाटीवर वाढणं नाही. घाम फुटेपर्यंत जेवा अन् मोकळ्या मनाने पैसे द्या. लूट म्हणतो ती कंदिलाच्या पैशाला.

पार्लेकर_मावशी

थालीपीठाचं काय ते तुम्ही बघा. मला त्या सर्व्हिस चार्जबद्दल बोलायचं आहे, कारण खरी लूट ती.

आमच्या ह्यांच्या साठीला मुलाने एका बड्या ठिकाणी टेबल घेतलं होतं. जेवण उत्तम, खोटं कशाला बोलू. बिलात खाली बारीक अक्षरात दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या चार्जवर परत जीएसटी! मी म्हटलं, हा काढा, वेटरला मी हातात देईन. तर मॅनेजर येऊन सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "मॅडम, आमच्या गेस्टना सहसा याचा प्रॉब्लेम नसतो." सून खाली बघायला लागली, मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना." नाही जाऊ दिलं. काढायला लावला. पण संध्याकाळीचा विचका झाला तो झालाच.

काउंटरमागून

माझं ठाण्यात छोटं हॉटेल आहे, म्हणून दोन्ही मुद्द्यांवर बोलतो.

तर्रीबाज, कच्चा माल विक्रीच्या साधारण एक तृतीयांशात बसवावा लागतो, नाहीतर शटर खाली. बाकी भाडं, पगार, १९ किलोचे सिलिंडर, वीज, फुटतूट. शिवाय एक गोष्ट गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. नोव्हेंबर २०१७ पासून आम्ही तुमच्याकडून ५% जीएसटी घेतो, पण आम्ही भाड्यावर आणि डिलिव्हरी ॲपच्या कमिशनवर जो १८% भरतो त्याची वजावट आम्हाला मिळत नाही. तो खर्च थालीपीठातच जातो, दुसरीकडे कुठे जाणार? भाकरी थापणाऱ्या दोन ताई आहेत माझ्याकडे. पगार सांगणार नाही, पण त्या सुट्टीवर गेल्या की मेनूवरून भाकरी काढावी लागते. आचारी मात्र दुसऱ्या दिवशी दुसरा मिळतो. धंद्याला कोण जास्त लागतं हे मला विचारा.

मावशी, मी सर्व्हिस चार्ज लावत नाही. पण लावणारे सगळे चोर नसतात. टीप फक्त वेटरला मिळते. मोरीत भांडी घासणाऱ्या पोराला कोण देतं?

कायद्याचं_बोला

सर्व्हिस चार्जपुरतं स्पष्ट करतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, दिला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या, वर एकेक लाख खर्च भरायला लावला. पुढे अपील झालं. मावशींनी केलं ते शंभर टक्के योग्य. मोरीतल्या पोराचा पगार मालकाने द्यायचा असतो, तो माझ्या बिलातली ऐच्छिक ओळ नव्हे.

काउंटरमागून

मग मेनूतच दहा टक्के वाढवतो. चालेल? उद्या हेच लोक थालीपीठ तीनशे पंच्याऐंशीला म्हणून धागा काढतील.

कायद्याचं_बोला

चालेल. दर आधी दिसला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. जेवण झाल्यावर नव्हे.

शिफ्ट_संपली

मोठ्या हॉटेलांत स्टुअर्ड (वेटर) ते कॅप्टन (वेटरांचा वरिष्ठ) अशी बरीच वर्षं काढली, आता दुसऱ्या धंद्यात आहे. दोन्ही बाजू अर्धंच सांगताहेत.

सर्व्हिस चार्जचे 'पॉइंट', म्हणजे हुद्द्यानुसार वाटे असतात. कॅप्टनला जास्त, स्टुअर्डला कमी, मोरीला सगळ्यात कमी, पण मिळतात. ज्या महिन्यात ती रक्कम चांगली जमली त्या महिन्यात घरी फ्रिजचा हप्ता गेला. हे खरं. आणि हेही खरं की एका ठिकाणी त्यातूनच फुटलेल्या ग्लासांचे पैसे कापायचे, आणि हिशेब मागितला की ड्यूटी बदलायची. टीपवाल्यांना सांगतो: वीस माणसांची पार्टी, तीन तास उभं राहून वाढलं, आणि बिलाच्या फोल्डरमध्ये दहाची नोट आणि बडीशेप.

मावशी, तुम्ही चार्ज काढून वेटरला हातात किती दिले?

पार्लेकर_मावशी

दिले. किती ते तुम्हाला सांगायला मी बांधील नाही.

शिफ्ट_संपली

बरं. समजलं.

पार्लेकर_मावशी

काय समजलं? साठीच्या दिवशी सगळ्यांसमोर अपमान माझा झाला, आणि उलटतपासणीही माझीच? वेटरबद्दल मला कळवळा नाही असं तुम्ही कशावरून ठरवलंत? दहा हजारांचं बिल लावणाऱ्या मालकाला विचारा की पगार का पुरत नाही!

ह्यूस्टनचा_नाना

मालकाला विचारायचं तर आमच्याकडे या. टिपा मिळणाऱ्या कामगाराचं संघराज्याने ठरवलेलं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढंच, आणि टेक्ससमध्ये तेच चालतं. टिपा धरूनही नेहमीचं किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा, असं कागदावर आहे. म्हणून मशीन १८, २०, २२ टक्क्यांची बटणं समोर धरतं आणि वेट्रेस तिथेच उभी. उलट जपानात टेबलावर पैसे ठेवून निघालो तर पोरगी ते परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत आली. त्यामुळे मावशींशी सहमत. दर एकच असावा आणि तो छापलेला असावा.

अवांतर: इथल्या देशी हॉटेलात साबुदाणा खिचडी मिळते. किंमत सांगितली तर तर्रीबाज यांना झोप लागणार नाही.

खडीसाखर

बाटलीबंद पाण्याचं कुणी बोललंच नाही? वीसची बाटली शंभरला. विचारलं की "मॅडम, ॲम्बियन्स."

कायद्याचं_बोला

त्यात तुम्ही हरणार. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हॉटेलात छापील किमतीचं बंधन लागू नाही, कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, बसण्या-वाढण्याची सेवाही देतात. पण मग त्याच सेवेचे वेगळे दहा टक्के कशाचे? ऑगस्ट २०२५ मध्ये अपिलाच्या सुनावणीत दिल्लीच्या न्यायमूर्तींनी नेमकं हेच विचारलं. साधं पाणी मागा, फुकट मिळतं. लाजू नका.

जिरेमिरे

धागा थालीपीठाचा होता, याची नम्र आठवण.

पुलावरचा_मुन्शी

थालीपीठावर बोलतो मग. जिरेमिरे यांचं खानावळीचं विवेचन वाचायला गोड आहे, पण उडुपी हॉटेलंही स्वस्तातूनच वर आली. माटुंग्याचं रामा नायक १९४२ चं. आजही केळीच्या पानावर जेवायला लोक जिन्यात रांग लावतात, आणि डोसा त्याच शहरात पंचतारांकित नाश्त्यालाही जाऊन बसला. त्यांनी हॉटेल हा धंदा म्हणून केला. आपण दुपारी एक ते चार बंद ठेवून 'आमची कुठेही शाखा नाही' म्हणत बसलो. २०१५ मध्ये दादरच्या आस्वादच्या मिसळीला लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, तेव्हा आपल्या लोकांनी काय केलं? आमच्या गल्लीतली मिसळ याहून भारी, हे पटवत बसले. दर मिळत नाही यात बाईच्या मजुरीएवढाच आपल्या या सवयीचाही वाटा आहे.

जिरेमिरे

उडुपीत रांधणारे आणि वाढणारे पुरुष होते, पगारी होते. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात की.

पुलावरचा_मुन्शी

असं म्हटलं की संपलंच. बाईच्या कष्टांपुढे बोलणारा मी कोण. मान्य, मान्य, त्रिवार मान्य.

तर्रीबाज

काउंटरमागून यांनी भाड्यावरच्या १८ टक्क्यांचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. ठीक. साडेतीनशेतले अडीचशे मान्य करतो. उरलेले शंभर कंदिलाचे, ते मी देणार नाही. कंदील काढून टाका, मी येतो.

काउंटरमागून

कंदील मी काढलाच होता. पहिल्या वर्षी साधी टेबलं, पांढरी ट्यूबलाइट, थालीपीठ एकशे ऐंशी. पुणे-मुंबईची तुमच्यासारखी मंडळी यायची, म्हणायची, "चव घरच्यासारखी आहे, पण पाहुण्यांना आणावं असं नाही हो." आणि पाहुण्यांना घेऊन समोरच्या पिझ्झावाल्याकडे जायची. कर्ज काढून इंटिरियर केलं, दर वाढवला, शनिवारी वेटिंग लागलं. आता सांगा, कंदिलाचे पैसे कुणी मागितले होते?

तर्रीबाज

हे मात्र बरोबर बोलून राहिले. पण झुणक्याला कटिंगचा ग्लास कुणी मागितला होता?

शिफ्ट_संपली

तो आम्हीच मांडायचो. धुवायला सोपा आणि मोजून भरायला बरा. ट्रेनिंगमध्ये 'नॉस्टॅल्जिया' असं शिकवायचे.

पार्लेकर_मावशी

शिफ्ट_संपली, शंभर दिले होते. आता समाधान?

शिफ्ट_संपली

दहा हजारांवर शंभर. आभारी आहे, मावशी. चार्ज असता तर हजार जमले असते.

पार्लेकर_मावशी

आणि त्यातले मोरीतल्या पोराला किती मिळाले असते, ते तुमच्या पॉइंटांत मांडून दाखवा. मी वाट बघते.