वर्ड पुरेसं आहे म्हणता, मग हे वाचा

धंतोलीचा मास्तर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "गणिताच्या मास्तरांनी लाटेक शिकणं म्हणजे वेळेची नासाडी, वर्डात माउसने समीकरण होतं." वाचून राहवलं नाही. लाटेक म्हणजे खुणा टाइप करून समीकरणं, पुस्तकं छापायला तयार करायचं सॉफ्टवेअर. वर्डातलं जुनं इक्वेशन एडिटर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ मध्ये सुरक्षेपायी काढून टाकलं. माझ्या जुन्या प्रश्नसंचातली समीकरणं दिसतात, पण घातांक बदलायला गेलं की हात बांधलेले. लाटेकची फाइल साधा मजकूर असते. अपूर्णांकासाठी बॅकस्लॅश, फ्रॅक, मग दोन महिरपी कंस: एकात अंश, दुसऱ्यात छेद. नोटपॅडातही उघडते.

बर्डीचा डीटीपीवाला: सर, तुम्हाला पगार आहे. माझ्याकडे शिकवणीवाले रात्री हाताने लिहिलेला पेपर आणतात, सकाळी छापून पाहिजे. लाटेकात एक कंस बंद करायचा राहिला की एरर येते भलत्याच ओळीवर. नव्या वर्डात तुमची जुनी समीकरणं डबल क्लिकने बदलून घेता येतात, अन् फ्रॅकही तसंच टाइप होतं. काहून शिकू?

पीएचडीवाली: दादा, दोन पानांच्या पेपरला वर्ड चालेल. माझ्या लाटेकातल्या प्रबंधात गाइडनी तिसऱ्या प्रकरणात एक समीकरण घुसवायला लावलं. लेबल अन् रेफ (समीकरणाला नाव देणारी अन् त्या नावाने क्रमांक आणणारी कमांड) वापरलेले, पुढचे सगळे क्रमांक आपोआप सरकले. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण वर्डात हाताने क्रमांक बदलत बसली होती. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथनी १९७७ मध्ये टेक, म्हणजे लाटेक ज्यावर उभं आहे ते सॉफ्टवेअर, करायला घेतलं तेच स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहून वैतागल्यामुळे.

मराठी माध्यम: इंग्रजीत सगळं सोपं! "वेग = अंतर / काळ" लिहून दाखवा. झीलाटेक (युनिकोड फॉन्ट चालवणारं लाटेक) वापरूनही समीकरणात मराठी शब्द गायब होतात, पीडीएफमध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह अन् अपूर्णांकाचा दांडा. एररही नाही.

धंतोलीचा मास्तर: समीकरणातले मराठी शब्द टेक्स्ट कमांडमध्ये घाला. फॉन्टस्पेकमध्ये (फॉन्ट निवडायचं पॅकेज) स्क्रिप्ट देवनागरी सांगा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाते.

मराठी माध्यम: म्हणजे मराठीसाठी वेगळी शिक्षा. हे पहिल्या दिवशी कुणी सांगत का नाही?

बर्डीचा डीटीपीवाला: अन् तुमचे पेपर जुन्या फॉन्टात आहेत त्याचं काय? युनिकोडमध्ये (आताच्या सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची पद्धत) उघडले की नुसता कचरा. आधी ते निस्तरा, मग लाटेक शिकवा!

पीएचडीवाली: तो कचरा तुमच्याच दुकानांनी केला. ग्राहक युनिकोड मागतात, तुम्ही "छापून चांगलं दिसते ना" म्हणता.

बर्डीचा डीटीपीवाला: दुकानावर घसरू नका ताई. गिऱ्हाईक मागते तेच देतो. पण क्रमांकाचं पटलं. शिकवणीवाल्यांचं जाडं पुस्तक आलं तर लाटेकात करून पाहीन. रात्रीचे पेपर मात्र वर्डातच.